बिरड्याचा सण

श्रीवर्धनला येणारा पाहुणा साधारण तीन गोष्टी विचारतो: समुद्राकडे कसे जायचे, पेशव्यांचे स्मारक कुठे आहे आणि हरिहरेश्वरला पोचायला किती वेळ लागेल. मला जुन्या कागदांचा नाद आहे हे ज्यांना ठाऊक असते, ते चौथाही विचारतात. बाळाजी विश्वनाथ भट इथून निघाले ते का आणि कसे? हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर देताना सिद्दीचा अंमल, श्रीवर्धनची देशमुखी आणि १७१३ ची पेशवाई असे सगळे सांगता येते. पोफळीची लहानशी वाडी आणि बाजारातले किराण्याचे दुकान यांवर पोट भरणाऱ्या माणसाला इतिहास सांगायची तेवढीच संधी.

२०१९ च्या श्रावणात मात्र एका बाईंनी दुकानाच्या पायरीवर उभे राहून वेगळाच प्रश्न विचारला. "भाऊ, कडवे वाल आहेत का? बिरड्याला हवेत."

यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. श्रावणात रायगडातल्या घराघरांत बिरडे होते. नवल होते ते त्यांच्या सोबतच्या माणसांचे. मुलगा पन्नाशीच्या आतबाहेर, नात विशीतली, आणि दोघे आपसात बोलत होते ती भाषा मला ओळखू येईना. बाईंचे मराठी मात्र माझ्या आजीच्या तोंडी शोभेल असे. वय बहात्तर. इस्रायलमध्ये राहतात, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर गेल्या, आईचे माहेर आमच्या तालुक्यातले, एवढे त्यांनी वाल निवडता निवडता सांगितले. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. वालाचे पैसे देताना त्या थांबल्या आणि जरा चाचरत म्हणाल्या, "भाऊ, 'बिरड्याचा सण' असं काही तुम्ही ऐकलंय का हो? आमच्या घरात म्हणायचे. नात म्हणते, आजी, तू स्वप्नात ऐकलं असशील."

मी ते ऐकले होते, वाचलेही होते. पण त्याविषयी मी गावच्या वाचनालयात जे बोललो होतो ते चुकीचे होते, हे त्या दिवसापासून मला हळूहळू कळत गेले. हा लेख त्या चुकीच्या दुरुस्तीचा आहे.

आमच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल वाचकांना अगदीच अपरिचित नसतील. त्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले, ती जागा नवगावला आजही दाखवतात. ही घटना कधीची, यावर एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेतात, इतर अभ्यासक बरेच अलीकडे आणतात. निर्विवाद आहे ते पुढचे. ही माणसे कोकणातल्या गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली आणि म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे आली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, केहिमकर, नवगावकर. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर याच समाजाचे. दिवेकर म्हटले की आमच्या भागातल्या माणसाला आधी दिवेआगरच आठवते. पण दिवे नावाची गावे रायगडात आणखीही आहेत, म्हणून आडनावावरून थेट गावावर उडी मारण्याचा मोह मी आवरतो.

गलबत फुटले तेव्हा धर्मग्रंथही गेले, असे परंपरा सांगते. उरले ते तोंडपाठ असलेले एक वचन, 'शेमा इस्रायल', ईश्वर एकच असल्याची ग्वाही देणारे. उरला शनिवारचा विसावा, मुलांची सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. डेव्हिड रहाबी नावाचा एक परका यहुदी या लोकांत आला आणि त्याने त्यांची परीक्षा पाहिली, अशी कथा आहे. त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची मासळी घेतली आणि बिनखवल्यांची बाजूला काढली. किनाऱ्यावर राहून कोळंबी, खेकडे, शिंपल्या पिढ्यान्‌पिढ्या न खाणे म्हणजे काय, हे आम्हा कोकणातल्यांना वेगळे सांगायला नको. रहाबीला पटले. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तिघे निवडून त्यांना शिकवले, ते पुढे काजी झाले. हा रहाबी कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी त्याला अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी जोडतात.

आता सणांकडे येऊ. १८८३ च्या कुलाबा व जंजिरा गॅझेटियरने या समाजाची दखल घेतली आहे, पण सणांचा सविस्तर लेखाजोखा मिळतो तो केहिमकरांच्या इंग्रजी ग्रंथात. केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली. ग्रंथ त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्या वेळी ते हयात नव्हते. माझ्याकडे त्याची झेरॉक्स प्रत आहे. शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला मला दोन पावसाळे लागले.

त्या ग्रंथातली सणांची नावे मराठी आहेत. वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. त्याच तिश्री महिन्यात नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून ऊद जाळून खायचा 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', दारे लावून घ्यायचा: त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास करून माणसे घरात राहत, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नसत. त्याचा दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. वसंतातला पुरीम म्हणजे चक्क 'होळीचा सण'. मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा पेसाह म्हणजे 'अनशी धाकाचा सण'. अनस म्हणजे आंबट रसाचे भांडे, ते त्या दिवसांत झाकून ठेवायचे. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे सुतक पाळण्याचा आब महिन्याचा नववा दिवस, तो 'बिरड्याचा सण'. या दिवसांत मांस वर्ज्य. वालाचे बिरडे करायचे आणि केळीच्या पानावर जेवायचे. काही उपासांची नावे मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेली दिसतात. 'नवीचा रोजा', 'सबाबी रोजा' आणि एलूल महिन्यातल्या उपासांना 'रमजान'.

वाचनालयातल्या व्याख्यानात मी ही यादी वाचून दाखवली होती आणि पुढे म्हटले होते, "परक्या मुलखात राहता राहता ही माणसे आपला धर्म विसरली आणि त्यांनी आपले सण उचलले." लोक हसले होते. विशेषतः 'होळीचा सण' ऐकून.

मावशींना मी हे सगळे सांगितले नाही. मागच्या खोलीतून झेरॉक्स आणली, ते पान काढले आणि रोमन लिपीतले ते नाव मराठीत वाचून दाखवले. बिरड्याचा सण. त्यांनी नातीला बोलावले आणि त्या ओळीवर तिचे बोट ठेवले. मग दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी त्या घरी जेवायला आल्या. माझी बायको आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून भिजवलेले, मोड आलेले वाल सोलत होत्या. वाल तयार व्हायला दोन दिवस लागतात, म्हणून आमच्या घरचे आधीच काढून ठेवलेलेच त्या दिवशी कामाला आले. सोलता सोलता त्यांनी जे सांगितले ते मी नंतर वहीत उतरवले. त्यांचे कुटुंब १९५५ मध्ये गेले. पुढे त्यांच्या थोरल्या भावाचे लग्न ठरले, मुलगी दुसऱ्या देशातून आलेल्या यहुदी घरातली. लग्नाची नोंद करायला गेल्यावर त्याला विचारण्यात आले, की तू नक्की यहुदी आहेस कशावरून? आईची आई कोण, तिची आई कोण, त्यांची लग्ने कोणी लावली?

हे एका घराचे दुखणे नव्हते. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढल्या, की बेने इस्रायलांपैकी कोणाला इतर यहुद्यांशी लग्न करायचे असेल तर त्यांच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. कारण असे, की इतकी शतके हे लोक इतर यहुद्यांपासून तुटून राहिले, मग विवाह आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील याची खात्री काय? त्याआधीही, १९५१ च्या अखेरीस, भेदभावाची तक्रार घेऊन भारतातून आलेल्या काही कुटुंबांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले होते. त्यांतली काही भारतात परतली आणि पुढे पुन्हा इस्रायलला गेली. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत.

ठराव झाला, भावाचे लग्नही झाले. पण मधल्या दीड-दोन वर्षांत मावशींच्या वडिलांनी घरात एक नियम केला. सणांची मराठी नावे घ्यायची नाहीत. "दादा म्हणायचे, होळीचा सण म्हटलंत आणि कोणी ऐकलं, तर म्हणतील, बघा, हे हिंदूच आहेत. मग पुरीम म्हणायचं, पेसाह म्हणायचं. आई ऐकायची. पण बिरडं करताना तिच्या तोंडून जायचं. एकदा दादांनी तिच्यावर आवाज चढवला. त्यानंतर तिनं बिरडंच सोडलं."

मी गप्प राहिलो. वाचनालयातले माझे वाक्य आणि लग्नाच्या कचेरीतला तो प्रश्न यांत तसा काय फरक होता? दोघांनाही मराठी नाव दिसले आणि दोघांनी त्यावरून धर्म विसरल्याचा निष्कर्ष काढला.

मावशी दोन दिवसांनी गेल्या. मी मात्र त्या यादीपाशी अडकलो. एकेक नाव घेऊन मी स्वतःला विचारू लागलो, की हे 'उचलले' असेल तर नेमके काय उचलले?

पहिला धागा मिळाला तो पंचांगात. यहुदी कालगणना आपल्यासारखीच आहे, महिने चंद्राचे आणि वर्षाचा मेळ सूर्याशी. आपल्याकडे जसा अधिक महिना येतो तसा त्यांच्याकडेही येतो. दोन्हीकडे हिशेब सारखाच, एकोणीस वर्षांत सात. फरक एवढाच, की आपला अधिक मास सूर्यसंक्रांत चुकेल त्या महिन्याला लागतो, तर त्यांचा नेहमी अदार महिन्याचा होतो. म्हणून दोन्ही गणना बहुतेक काळ हातात हात घालून चालतात. मधून मधून काही महिने एका चांद्रमासाने सुटतात आणि पुन्हा जुळतात.

हे पडताळून पाहायला मी गेल्या काही वर्षांची पंचांगे काढून यहुदी तारखांशेजारी मांडली. २०२३ मध्ये पुरीम ७ मार्चला, आपली होळी ६ मार्चला. पेसाहचा पहिला दिवस ६ एप्रिल, त्याच दिवशी हनुमान जयंती. त्या वर्षी आपला अधिक श्रावण आला आणि गणित सुटले. रोश हशाना १६ सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी आला. पुढच्या वर्षी त्यांचा अधिक अदार आला आणि पुन्हा जुळले. २०२४ मध्ये पुरीम आणि होळी दोन्ही २४ मार्चला. पेसाहचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती दोन्ही २३ एप्रिलला. आबचा नववा दिवस १३ ऑगस्टला, म्हणजे श्रावणाच्या शुद्ध पक्षात. रोश हशाना ३ ऑक्टोबरला आणि घटस्थापनाही त्याच दिवशी. योम किप्पूर १२ ऑक्टोबरला, त्या दिवशी दसरा.

ही मांडणी पाहिल्यावर 'होळीचा सण' या नावाचे हसू येईना. जो माणूस ग्रंथ हरवून बसला आहे, ज्याच्या गावात छापील तारीखपत्र नाही, ज्याच्या धर्माचा दुसरा माणूस पुढच्या गावात एखादाच आहे, त्याने आपला पौर्णिमेचा सण कसा लक्षात ठेवायचा? गावाची होळी त्याला ते सांगते. शिमग्याची लाकडे गोळा होऊ लागली की आपला सण आला. होळीची पूजा त्याने घेतलेली नाही, प्रल्हादाची कथा घेतलेली नाही. घेतला तो फक्त दिवस. शेजाऱ्याचा सण हेच त्याचे घड्याळ. हा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच मांडतो. पण दिवाळीला, गणपतीला, संक्रांतीला या यादीत जागा नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे. नुसती नक्कलच करायची असती तर घराघरांत साजरे होणारे हे मोठे सण का सोडले असते? ज्या सणाशेजारी त्यांचा स्वतःचा सण येतो, तेवढाच या यादीत आहे.

दुसरा धागा स्वयंपाकघरातला. पेसाहच्या दिवसांत खमीर घातलेली भाकर खायची नाही, हा नियम. मिसरमधून घाईने निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची ही आठवण. पण कोकणात तांदळाची भाकरी खाणाऱ्याला हा नियम कसा पाळता येणार? त्याच्या भाकरीत खमीर असतेच कुठे? जे रोजच घडते त्याचे व्रत होऊ शकत नाही. मग नियमाचा गाभा घरात दुसरीकडे शोधावा लागतो. घरात आंबते काय? अनस. मग त्या भांड्यावर झाकण घाला. नाव 'अनशी धाकाचा', म्हणजे आंबटाचे भांडे ढाकण्याचा. हे विसरणे म्हणायचे, की परक्या मुलखात नियमाला मिळालेले नवे भांडे म्हणायचे?

बिरड्याचेही तसेच. सुतकाच्या दिवसांत मांस वर्ज्य. आब महिना म्हणजे बहुधा आपला श्रावण. समुद्र खवळलेला, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर, शेजारच्या घरांतही श्रावण पाळला जातो आहे. घरात साठवलेले काय असते? वाल. म्हणून सुतकाचे जेवण बिरड्याचे, आणि जेवणावरून सणाचे नाव. वाल या मातीतला आहे, दुःख मात्र जेरुसलेमचे आहे. कोकणातली बाई बिरडे रांधत होती तेव्हा, कधीही न पाहिलेल्या एका मंदिराचे सुतक पाळत होती.

'मलिदा' हा तिसरा धागा. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने नवस फेडताना बेने इस्रायल घरात पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची आणि फळे यांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथे समाजाचे लोक आजही जातात. नाव मलिदा, तेच दर्ग्यातल्या प्रसादाचे. पदार्थ पोह्यांचा, आमच्या दिवाळीच्या पहिल्या फराळाशी नाते सांगणारा. आणि नवस बोलायचा तो तनाखमधल्या संदेष्ट्याला. तीन घरांतून आलेल्या गोष्टी एका ताटात आहेत, पण ताट कोणाचे याविषयी कधीच शंका नव्हती.

या नावांविषयी एक आक्षेप घेतला जातो आणि तो सोडून जाणे बरोबर नाही. काही अभ्यासक म्हणतात, की यांतले अनेक सण मुळात रहाबीसारख्या शिक्षकांनी शिकवले आणि मराठी नावे नंतर पडली. उलट बाजूचे लोक हनुक्याकडे बोट दाखवतात. हा सण जुन्या बेने इस्रायलांना ठाऊकच नव्हता. तो ज्या घटनेचा आहे ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, तेव्हा त्याआधीच ही माणसे निघाली असावीत. नसणे हा पुरावा नेहमीच लंगडा, तरी लक्षात ठेवण्यासारखा. मला स्वतःला वाटते, की माझ्या प्रश्नासाठी हा वाद मिटण्याची गरज नाही. सण आधी होते की नंतर शिकले, त्यांना टिकवून धरले ते मराठी नावांनीच.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. कोचीहून शिक्षक आले, बगदादी यहुद्यांशी संबंध आला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. अलिबागचे सिनेगॉग १८४८ चे, रेवदंड्याचे त्याआधीचे, १८४२ चे. हिब्रू प्रार्थना परत आल्या, सणांची हिब्रू नावेही परत आली. गंमत अशी, की त्या वेळी मराठी बाजूला पडले नाही. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्याला छापलेल्या हगादात तर पेसाहची भाकर करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. १८८० मध्ये मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि तनाखमधल्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. मूळ धर्म हाती आल्यावर कोकण टाकून द्यावे असे त्या पिढीला वाटले नाही. ते वाटायला लागले ते पुढे, कागद मागणारी खिडकी समोर आल्यावर.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते, बहुसंख्य बेने इस्रायल. या शतकातल्या गणनांत ही संख्या पाच हजारांच्या आत आली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा रायगडातली बहुतेक घरे मोकळी झाली होती. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव आहे, माणसे थोडी आहेत.

आणि तिकडे? दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा इथे त्यांची वस्ती आहे. दिमोनाला तर 'छोटा भारत' म्हणतात. मसाल्याची दुकाने आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून इस्रायलमधून निघत आले. तिथली मंडळी १ मे हा महाराष्ट्र दिन साजरा करतात. जी माणसे एके काळी कोकणात राहून जेरुसलेमचे सुतक पाळत होती, तीच आता तिकडे राहून महाराष्ट्राचा सण पाळतात. मग त्यांचा परदेश कुठला? मला वाटते, या घरांना परदेशात सण कसा राखायचा याची विद्या फार जुनी आहे. ती त्यांनी आमच्या किनाऱ्यावर शिकली.

मावशींच्या भेटीनंतर मी या भागातल्या जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी गोळा करायला लागलो. तेल्याच्या घाण्याची जागा, शनिवारी बंद असलेले दार, दारफाळणीच्या दिवशी शेजाऱ्यांनी हाक मारायची नाही हा पाळलेला संकेत. चार म्हाताऱ्या माणसांनी बरेच सांगितले. दोन वह्या भरल्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढले. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, घरावरचे पत्रे गेले आणि रात्रभर पाऊस आत पडत राहिला. वह्या शाईच्या होत्या. एकीची पाने निळी झाली, दुसरीची काही पाने वाचली. चौघांपैकी तिघे आता नाहीत. वाडी पुन्हा लावली आहे, ती पाच-सात वर्षांत धरेल. त्या वहीचे तसे नाही. म्हणूनच, अपुरा असला तरी हा लेख आता लिहून टाकतो आहे.

वाचनालयात मी पुन्हा बोललो. त्याच लोकांपुढे, तीच यादी घेऊन. आधीचे वाक्य चुकले होते असे सांगितले. या वेळी कोणी हसले नाही. एका आजींनी उठून विचारले, "मग ती माणसं गेली का?" त्याचे उत्तर माझ्याकडे लांबलचक होते, पण मी एवढेच म्हणालो, की त्यांच्या प्रार्थनेत रोज ज्या गावाचे नाव होते तिथे ती गेली.

मावशींचा अधूनमधून फोन येतो. फोनवर त्या सांगतात, की नातीने घरातल्या कॅलेंडरवर हिब्रू नावांखाली मराठी नावे लिहून ठेवली आहेत, रोमन लिपीत. तिला 'धाकाचा' म्हणता येत नाही. वाल तिकडे मिळतात, पण इकडचे नसतात, म्हणून दरवर्षी जुलैत मी कुणा ना कुणाबरोबर पावशेर कडवे वाल पाठवतो.

गेल्या वर्षी १२ ऑक्टोबरला दसरा होता. सोने वाटून संध्याकाळी घरी आलो आणि सवयीने फोन उचलला. मग आठवले, आज त्यांची दारफाळणी. दारे लावलेली असतील. फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला केला.